धुऱ्याच्या आतले पाणी

नागपूरहून आलेला तपासणीचा कागद घरात उघडला जातो, तेव्हा त्यावरची एकच गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांत शिरते: ‘ग्रेड ३’. घर मोहाडीचे असो, साकोलीचे असो की लाखांदूरच्या पलीकडच्या एखाद्या टोलीवरचे, अर्थ एकच लावला जातो. तिसरी स्टेज. म्हणजे बाई हातची गेली. त्याच कागदावर ‘इन सिटू’ असे दोन लहान शब्दही छापलेले असतात. ते कुणी वाचत नाही, कारण ते कुणी समजावून सांगितलेले नसतात. त्यांचा अर्थ असा, की रोग अजून दुधाच्या नळीबाहेर पडलेला नाही. स्टेजच्या मोजणीत तो शून्यावर आहे.

ग्रेड तीन आणि स्टेज शून्य. दोन्ही विधाने एकाच बाईबद्दल, एकाच दिवशी खरी असू शकतात. स्टेज सांगते रोग कुठवर पोचला; ग्रेड सांगते त्याच्या पेशींचा स्वभाव कसा आहे. या दोहोंची गल्लत झाली, की बरे होण्याची सगळ्यात मोठी संधी हातात असतानाच घर हाय खाऊन बसते. पुढच्या पानांचा विषय हा शून्यावरचा कर्करोग आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो कसा ओळखतात, त्याची प्रत कशी ठरवतात, आणि ती ठरवणाऱ्या माणसापर्यंत पोचण्याआधी तुकड्याचे काय काय होते, याची ही ओळख.

भंडारा जिल्ह्यात धान बांध्यांमध्ये पिकते. प्रत्येक बांधीला चहूबाजूंनी मातीचा धुरा. पावसाळ्यात बांधी तुडुंब भरते, पाणी गढूळ होते, तण माजते. पण धुरा शाबूत असेल तोवर ते पाणी शेजारच्या बांधीत उतरत नाही. स्तनातल्या दुधाच्या नळीची रचना अशीच आहे. आतून पेशींचा एक थर. त्याला बाहेरून वेढून बसलेला मायोएपिथेलियल पेशींचा दुसरा थर. या पेशी आकुंचन पावतात आणि दूध पुढे सरकवतात. त्यांच्याही बाहेर एक अत्यंत पातळ आधारपटल. दुसरा थर आणि हे पटल मिळून नळीचा धुरा होतो. आतल्या थरातल्या पेशी कर्करोगाच्या झाल्या, बेसुमार वाढल्या, नळी फुगवून बसल्या, तरी धुरा जागेवर असेल तर त्यांना बाहेरची वाट नसते. रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या धुऱ्यापलीकडे असतात. काखेतल्या गाठींपर्यंत, फुप्फुसापर्यंत, हाडापर्यंत जाणारे सगळे रस्ते तिथूनच सुरू होतात.

या अवस्थेचे वैद्यकीय नाव ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘डीसीआयएस’.

धुऱ्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, तेही सांगायला हवे. पाणी धुरा पोखरत नाही. कर्करोगाच्या पेशी पोखरू शकतात. आणि शेताचा धुरा एका रात्रीच्या पावसात फुटतो, तर नळीचा धुरा फुटायला वर्षे लागतात, कधी दशके. पुष्कळ बायकांत तो आयुष्यभर फुटतही नाही. कुणाचा फुटेल आणि कुणाचा नाही, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि ग्रेड म्हणजे त्याचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न.

कर्करोग म्हणजे पसरणारा रोग, अशीच पूर्वीच्या वैद्यकाची व्याख्या होती. न पसरलेला कर्करोग ही कल्पनाच विसंगत वाटे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे विकृतिशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९३२ साली ‘कार्सिनोमा इन सिटू’ हा शब्दप्रयोग रूढ केला, म्हणजे जागच्या जागी असलेला कर्करोग. त्यांचे म्हणणे असे, की पेशी दिसायला पूर्णपणे कर्करोगाची असेल तर तिने सीमा ओलांडली नाही एवढ्यावरून तिला निर्दोष म्हणता येणार नाही. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, जॉन्स हॉपकिन्सचे शल्यविशारद जोसेफ ब्लडगुड यांनी ‘कोमेडो कार्सिनोमा’चे वर्णन केले. कापलेल्या स्तनावर दाब दिला की नळ्यांच्या तोंडांतून पिवळसर, घट्ट, मुरुमातून निघावा तसा पदार्थ बाहेर येई. तो मेलेल्या पेशींचा लगदा होता.

तो लगदा होतो कसा, हे कळले की अर्धा विषय कळतो. नळीच्या आत रक्तवाहिनी नाही. आतल्या पेशींना प्राणवायू आणि अन्न मिळते ते धुऱ्याबाहेरून झिरपत. भिंतीलगतच्या पेशी त्यावर तगून राहतात. वाढ झपाट्याने होऊन नळी भरत गेली, की मधल्या पेशींपर्यंत काही पोचत नाही आणि त्या मरतात. मेलेल्या पेशींच्या राडीत कॅल्शियम साचते. कॅल्शियम क्ष-किरण अडवते, म्हणून मॅमोग्राफीच्या चित्रात ते पांढऱ्या कणांच्या रूपात, कधी नळीच्या मार्गाने ओळीत मांडल्यासारखे दिसते. हाताला काहीच लागत नसताना डीसीआयएस सापडतो तो बहुतेक वेळा या कणांमुळे. हाताला न लागणारा रोग अशा रीतीने आपल्याच मेलेल्या पेशींमुळे उघडा पडतो.

पाश्चात्त्य देशांत मॅमोग्राफीची नियमित तपासणी सुरू झाल्यावर या अवस्थेचे प्रमाण एकदम वाढले. तिथे तपासणीत सापडणाऱ्या स्तनाच्या कर्करोगांपैकी पाचातला एक किंवा त्याहून थोडा जास्त या प्रकारचा असतो. भारतात हे प्रमाण फारच कमी आहे, आणि त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. इथे रोग कमी होतो असे नव्हे. तो या टप्प्यावर असताना कुणी पाहतच नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले गेले, की कर्करोगासाठी स्तनांची तपासणी कधी झाली आहे का. देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण ०.९ टक्के निघाले. शंभरांत एकही पुरती नाही.

मग भंडाऱ्यासारख्या, सुमारे १२ लाख वस्तीच्या, शेती-विडी-मासेमारीवर चालणाऱ्या जिल्ह्यात हा रोग समोर येतो तरी कसा? तीन वाटांनी. एक, नळ्या इतक्या भरल्या की हाताला गाठ लागते. दोन, एकाच स्तनाग्रातून, न दाबता, रक्तासारखा स्राव येतो. तीन, स्तनाग्रावर खाज, खपली, ओलसर लाली, खरजेसारखी. ही तिसरी खूण जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये नोंदवली आणि आजही तिला त्यांचेच नाव आहे. त्या खपलीच्या खाली नळ्यांमध्ये बहुधा कर्करोग असतो. मलम लावून महिनोन् महिने काढले जातात ते याच खुणेवर. दुखत नाही, म्हणून सांगायचे नाही. रोवणी उरकू दे, मग जाऊ. रोवणी झाली की निंदण, मग कापणी. न दुखणारी गाठ धानाच्या अख्ख्या हंगामाएवढी वाट पाहते, आणि ज्या धुऱ्याची गोष्ट इथे चालली आहे तो कित्येकदा याच महिन्यांत फुटतो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक चौकटीप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी व्हायला हवी. हाताच्या तपासणीचा उपयोग किती, याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा अभ्यास केला. एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत तपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या स्टेजचे रुग्ण ३७ टक्के, न झालेल्यात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट १५ टक्क्यांची, आणि तेवढी घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उतरली नाही. हाताला न लागणारा डीसीआयएस या तपासणीत सापडणार नाही, हे खरे. तरीही आशाताईने आणि सिस्टरताईने दाखवलेली एक वाट बाईला तुकडा तपासणीपर्यंत आणते, आणि सूक्ष्मदर्शकाचे काम तिथून पुढचे.

तुकड्याबद्दल बोलण्याआधी सुईबद्दल. गाठीत बारीक सुई घालून पेशी ओढून घेण्याची तपासणी स्वस्त आहे, लवकर होते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तीच पहिल्यांदा केली जाते. पेशी कर्करोगाच्या आहेत का, हे ती चांगले सांगते. पण या विषयातला नेमका प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. सुईत सुट्या पेशी येतात. धुरा येत नाही. बांधीतले पाणी बाटलीत भरून आणले तर ते गढूळ आहे एवढे कळेल, धुरा फुटला की नाही हे कसे कळणार? त्यासाठी जाड सुईने काढलेली सलग सळी लागते, ज्यात नळी तिच्या भिंतीसकट येते. त्या सळीतही सगळे बसत नाही. सळीत डीसीआयएस दिसलेल्या साधारण चारांपैकी एका बाईत, पूर्ण भाग काढून तपासल्यावर, कुठेतरी धुरा फुटलेला सापडतो. पहिल्या रिपोर्टनंतर डॉक्टर ‘पूर्ण तपासल्यावर सांगतो’ म्हणतात ते यासाठी.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती पूर्व विदर्भात अजून ठाण मांडून आहे. तिच्यापायी अनेक बायका या पायरीवरून परत फिरतात. तुकडा घेण्याने रोग पसरत नाही. उशिराने मात्र तो पुढे सरकू शकतो.

आता त्या तुकड्याचा प्रवास. ही गोष्ट पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते, पण लहान जिल्ह्याचे सगळे भवितव्य तिच्यात आहे. शरीरातून निघालेला तुकडा त्या क्षणापासून कुजायला लागतो. त्याला थांबवते फॉर्मालिन. त्याचा हा गुण फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये ओळखला आणि आजही त्याला तोड नाही. तुकडा तासाभराच्या आत १० टक्के फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे. द्रव तुकड्याच्या निदान दहा पट हवा. किमान ६ तास आणि फार तर ७२ तास त्यात राहावा. भंडारा शहरापासून नागपूर साठेक किलोमीटर. लाखांदूर किंवा पवनीच्या टोकाच्या गावांसाठी याहून बरेच जास्त. तुकडा डबीत घालून नातेवाइकाच्या हाती दिला जातो आणि डबी एसटीने निघते. डबीत फॉर्मालिनऐवजी सलाइन असेल, किंवा मोठा भाग लहानशा बाटलीत कोंबलेला असेल, तर मध्यभागी तो न टिकता विरघळू लागतो. केंद्रके पुसट होतात, धुऱ्याच्या पेशी सुटून येतात. मग नागपूरचा कितीही निष्णात डोळा त्या काचेवर वाकला तरी ‘इथे भिंत आहे का’ या प्रश्नाला उत्तर नसते. बाईवर शस्त्रक्रिया झाली, वेदना झाल्या, खर्च झाला, आणि उत्तर डबीतच हरवले. यावर उपाय महागडा नाही. पुरेसा मोठा डबा, पुरेसे फॉर्मालिन, आणि डब्यावर वेळ लिहिलेली चिठ्ठी.

चिठ्ठीबरोबर दोरेही महत्त्वाचे. सर्जन काढलेल्या भागाला दोन टाके घालून पाठवतात, सहसा लहान दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा बाहेरच्या बाजूला. त्यावरून प्रयोगशाळेत भागाची दिशा कळते. मग त्याच्या कडा वेगवेगळ्या शाईने रंगवतात, पातळ चकत्या पाडतात, अल्कोहोल आणि झायलीनमधून नेऊन वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवतात. मेणाचा तो लहान ठोकळा म्हणजे ‘ब्लॉक’. मायक्रोटोमच्या पात्यावर त्याचे ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप निघतात, माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या भागाएवढे. हे काप कोमट पाण्यावर तरंगवून, सुरकुती न पडू देता काचेवर उचलणारा टेक्निशियन रिपोर्टवर कुठेच नसतो. त्याच्या हाताला कंप असेल तर रिपोर्टही डळमळतो. शेवटी दोन रंग: हिमॅटॉक्सिलिन, एका झाडाच्या लाकडातून मिळणारा, केंद्रके जांभळी-निळी करणारा, आणि इओसिन, बाकी सगळे गुलाबी करणारा.

तज्ज्ञ आधी कमी भिंगातून पाहतात. गावाचा नकाशा पाहावा तसे. नळ्या फुगल्या आहेत का, किती नळ्यांत, त्यांची बाह्यरेषा गुळगुळीत आहे की कुठे दातेरी, तुटलेली. आत पेशींची मांडणी कशी: सगळी पोकळी ठासून भरलेली, की मध्ये साच्याने पाडल्यासारखी गोल भोके, चाळणीसारखी, की लहान लहान बोटे आत डोकावणारी. ठासून भरलेल्या नळीच्या मध्यभागी गुलाबी राड आणि निळसर कॅल्शियम असेल, तर ब्लडगुड यांनी पाहिलेला तोच लगदा काचेवर आलेला असतो.

निरुपद्रवी वाढही नळी भरते. तिथे पेशी एका जातीच्या नसतात. लहानमोठ्या, एकमेकींवर रेलून वाहत्या दिसतात, आणि मधली भोके वाकडीतिकडी, कडेला सरकलेली फटींसारखी असतात. कर्करोगाची चाळणी त्याउलट काटेकोर असते: एकसारख्या पेशी, ताठ भिंती, गोल छिद्रे. इथे शिस्तच संशयाचे कारण ठरते. नवशिक्याला हे उलटे वाटते आणि पचायला वेळ लागतो.

मग जास्त भिंग, आणि ग्रेड. तुमसरच्या बाजारात व्यापारी तांदळाची मूठ तळहातावर पसरून प्रत सांगतो: दाण्याची लांबी, एकसारखेपणा, कणीचे प्रमाण. त्याची नजर एकाच वेळी दाण्याकडे आणि मुठीकडे असते. डीसीआयएसची प्रत ठरवताना नजर मुख्यतः पेशीच्या केंद्रकावर असते आणि मोजपट्टी काचेवरच मिळते. तांबडी रक्तपेशी सुमारे ७ मायक्रॉनची. केंद्रक तिच्या दीड ते दोन पट, सगळी केंद्रके एका आकाराची, मऊ रंगाची, पेशी पोकळीकडे तोंड करून नीट उभ्या: हा कमी ग्रेड. केंद्रक अडीच पटींहून मोठे, प्रत्येकाचा आकार वेगळा, रंग भडक, आत ठळक केंद्रकी, विभाजन चालू असलेल्या पेशी पुष्कळ आणि दिशेचा पत्ता नाही: हा उच्च ग्रेड, म्हणजे रिपोर्टवरचा ‘३’. या दोहोंत न बसणारे सगळे मधल्या ग्रेडमध्ये जाते. एकाच स्तनात दोन ग्रेड सापडले तर दोन्ही नोंदवतात आणि उपचारासाठी वरचा धरतात.

इथे आणखी एक गल्लत टाळायची आहे. धुरा फोडून बाहेर पडलेल्या कर्करोगालाही १, २, ३ असाच ग्रेड देतात, पण त्याची पद्धत वेगळी, नॉटिंगहॅमची, एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ मध्ये पक्की केलेली. त्यात नळ्यांची घडण, केंद्रक आणि विभाजन या तिन्हींना गुण असतात. अंक तेच, अर्थ निराळे.

धुरा शाबूत आहे का, हे दर वेळी दोन रंगांत स्पष्ट होत नाही. नळी तिरकी कापली गेली, आजूबाजूला सूज असली किंवा तुकडा चिमट्यात चिरडला, तर शाबूत भिंतही फुटल्यासारखी दिसते. तेव्हा मायोएपिथेलियल पेशींना तपकिरी रंगात दाखवणाऱ्या पी-६३, कॅल्पोनिन यांसारख्या विशेष चाचण्या करतात. पेशींच्या पुंजक्याभोवती तपकिरी कडे अखंड दिसले तर धुरा जागेवर. पुंजका उघडा पडलेला दिसला तर काळजी. बाहेर पडलेला भाग १ मिलिमीटरपर्यंत असेल तर त्याला सूक्ष्म आक्रमण म्हणतात, आणि शून्यावरून मोजणी पुढे सरकते. शून्य आणि एक यांच्यामधले अंतर कित्येकदा इतके लहान असते.

ग्रेड म्हणजे भविष्यवाणी नव्हे. पण तो निव्वळ वर्णनही नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधून आला. डेव्हिड पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या हजारो जुन्या काचा कपाटातून काढून पुन्हा पाहिल्या. त्या काळी निरुपद्रवी ठरवून घरी पाठवलेल्या बायकांपैकी २८ जणींच्या काचांवर प्रत्यक्षात कमी ग्रेडचा डीसीआयएस होता. तुकड्यापलीकडे त्यांच्यावर काहीच उपचार झालेले नव्हते. या बायकांचे पुढे काय झाले, याचा माग तीस वर्षांहून अधिक काळ काढला गेला. २८ पैकी ११ जणींना पसरणारा कर्करोग झाला, सगळ्यांना त्याच स्तनात, त्याच भागात. काहींना दहा वर्षांच्या आत, काहींना वीस वर्षे उलटल्यावर. पाच जणी त्याने गेल्या. उरलेल्या सतरा जणींचा धुरा फुटला नाही. जाणूनबुजून असा प्रयोग कुणी केला नसता. एका चुकीच्या वाचनाने तो घडवला आणि जपून ठेवलेल्या काचांनी तो सांगितला. या २८ बायकांची गोष्ट वाचताना दोन्ही आकडे सारख्याच गांभीर्याने वाचायला हवेत, अकराचा आणि सतराचाही.

चुकीच्या वाचनाचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाता येणार नाही. १९९१ मध्ये ह्वान रोसाई यांनी सीमारेषेवरच्या १७ तुकड्यांच्या काचा पाच नामांकित स्तनविकृतिशास्त्रज्ञांना दाखवल्या. पाचही जणांचे एकमत एकाही काचेवर झाले नाही. पुढच्याच वर्षी स्टुअर्ट श्निट यांनी सहा तज्ज्ञांना आधी समान निकष शिकवून २४ काचा दिल्या. सहाही जणांचे एकमत ५८ टक्के काचांवर झाले. २०१५ मध्ये जोआन एल्मोर यांच्या अभ्यासात ११५ विकृतिशास्त्रज्ञांची वाचने तज्ज्ञ-मंडळाच्या निर्णयाशी ताडली गेली. पसरलेल्या कर्करोगात मेळ ९६ टक्के, डीसीआयएसमध्ये ८४, आणि कर्करोगाच्या उंबरठ्यावरच्या ‘अटिपिया’मध्ये अवघा ४८.

या आकड्यांवरून विकृतिशास्त्रावरचा विश्वास ढळण्याचे कारण नाही. निसर्गात निरुपद्रवी वाढ, उंबरठ्यावरची वाढ आणि कमी ग्रेडचा डीसीआयएस यांच्यामध्ये रेघा मारलेल्या नाहीत; त्या माणसाने आखल्या. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर अटिपिया, जास्त असेल तर कर्करोग, ही आखणी कामापुरती उपयोगी आहे, पण ती आखणीच आहे. १९९७ मध्ये फिलाडेल्फियाला जमलेल्या तज्ज्ञांनीही एकच एक पद्धत सर्वांवर लादली नाही. केंद्रकाचा ग्रेड, मृत पेशी, पेशींची दिशा आणि मांडणी हे सगळे रिपोर्टमध्ये लिहा, एवढे सांगितले. म्हणून दुसरे मत मागणे हा पहिल्या डॉक्टरचा अपमान ठरत नाही. ब्लॉक आणि काचा जपून ठेवलेल्या असतात. रिपोर्टवरचा क्रमांक दाखवून त्या मागता येतात, आणि नागपूर, सेवाग्राम किंवा मुंबईला दुसऱ्या डोळ्याखाली नेता येतात. बाईला पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ही साधी गोष्ट गावोगाव माहीत व्हायला हवी.

महाराष्ट्रात या डोळ्याची परंपरा मोठी आहे. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली, आणि भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून आजही त्यांचेच नाव घेतले जाते. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे घडल्या. १९१७ सालचा त्यांचा जन्म, हुजूरपागेतले शिक्षण, उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगावरचे संशोधन, मुंबईत उभारलेली देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा, आणि १९८२ चे पद्मभूषण. बाईच्या स्तनाचा कर्करोग हा बोलण्याचाही विषय नव्हता अशा काळात एका मराठी बाईने त्याच्या पेशी काचपात्रात वाढवून पाहिल्या, याची आठवण या विषयाच्या प्रस्तावनेत यायलाच हवी.

ग्रेड हाती आल्यावर काय करतात? शस्त्रक्रिया, कधी नुसता तो भाग काढून, पुष्कळदा त्यानंतर किरणोपचार, रोग फार पसरट असेल तर पूर्ण स्तन. भाग काढल्यावर शाई लावलेल्या कडेपासून रोग निदान २ मिलिमीटर दूर असावा, हे २०१६ पासून मान्य झालेले अंतर. कमी ग्रेडचा रोग नळीत मध्ये मोकळ्या जागा सोडत पुढे जातो, उच्च ग्रेडचा बहुधा सलग, म्हणून कडेचा अर्थ लावतानाही ग्रेड उपयोगी पडतो. संप्रेरकांची चाचणी होते, त्यावरून गोळ्या ठरतात. उपचारानंतरचे चित्र आश्वासक आहे: १,०८,१९६ अमेरिकन बायकांच्या नोंदींत, निदानानंतर वीस वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण ३.३ टक्के निघाले.

प्रश्न आता उलट्या बाजूनेही विचारला जातो. ज्यांचा धुरा कधीच फुटणार नाही, त्यांना हे सगळे सोसायला लावायचे का? अमेरिकेतल्या ‘कॉमेट’ चाचणीत कमी धोक्याच्या डीसीआयएसच्या ९५७ बायकांचे दोन गट केले. एकीकडे नेहमीची शस्त्रक्रिया, दुसरीकडे बारकाईने देखरेख. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत पसरणारा कर्करोग शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के आणि देखरेखीच्या गटात ४.२ टक्के होता, म्हणजे देखरेख मागे पडली नाही. दोन वर्षे हा काळ फार लहान आहे, नॅशव्हिलच्या बायकांनी ते दाखवलेच आहे. शिवाय देखरेख म्हणजे ठरल्या वेळी मॅमोग्राफी आणि ठरल्या वेळी हजेरी. ज्या बाईला रोवणीच्या दिवसांत एक मजुरी बुडवून नागपूरची फेरी करणे परवडत नाही, तिला ‘नुसते लक्ष ठेवू’ म्हणणे आज तरी सुरक्षित नाही. हा निर्णय तिच्या परिस्थितीकडे पाहूनच घ्यावा लागेल.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत भंडाऱ्याचे एक आहे, शंभर जागांचे. विकृतिशास्त्र हा दुसऱ्या वर्षाचा विषय. भंडाऱ्यातच शिकणारी मुले-मुली आता सूक्ष्मदर्शकाशी बसतील, आणि स्तनाची काच त्यांच्यासमोर येईल तेव्हा शिक्षक त्यांना आधी कमी भिंग लावायला सांगतील. जांभळ्या-गुलाबी गर्दीत फुगलेल्या नळ्या दिसतील. मग एकेका नळीच्या कडेने नजर फिरवत जायचे, भिंतीलगतच्या चपट्या केंद्रकांची रांग कुठे खंडित होते का पाहत, पूर्ण फेरी होईपर्यंत.